मंगळवारचं घर

बोरघरच्या शाळेत पाचवीच्या वर्गात मुलगी एकच, आणि तीही गावातली नव्हती. चिमा तिचं नाव. डोंगराच्या पोटाशी टेपाची वाडी आहे, तिथल्या कान्हाची ही मुलगी. आई दोन वर्षांपूर्वी हिवतापानं गेली. बाप जंगलातलं लाकूड बैलगाडीनं कर्जत स्टेशनावर पोचवायचा आणि चार-चार दिवस घराचं तोंड बघायचा नाही. चौथीपर्यंत पोरीनं रोज दोन ओढे ओलांडून शाळा केली. पावसाळ्यात ओढे भरले की तिचे पंधरा-पंधरा दिवस बुडायचे, आणि तरी परीक्षेत पहिली यायची.

शाळेचे धाकलू मास्तर स्वतः कुणब्याचे. अलिबागेला शिकत असताना त्यांनी ब्राह्मणांची गरीब मुलं वार लावून जेवताना पाहिली होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात घरी जेवायचं आणि शिकायचं. आपल्यात हे का होऊ नये, असं त्यांच्या डोक्यात बसलं. मास्तरांच्या दोन खोल्यांत त्यांची स्वतःची पाच पोरं होती. निजायला जागा देतो, अन्न गावानं द्यावं, असं म्हणत ते जेठ महिन्यात दारोदार फिरले. लढाई संपून वर्ष झालं होतं, पण सरकारची धान्याची लेव्ही चालूच होती आणि रेशनचा तांदूळ बघून ढोरानंही तोंड फिरवलं असतं. अशा दिवसांत मास्तरांनी सात घरं मिळवली, हीच मोठी गोष्ट. पोर सातवी पास झाली तर मास्तरीण होईल, असं ते प्रत्येक दारात सांगत. लोक हसत, आणि हसत हसत हो म्हणत.

कान्हानं मात्र आधीच एक सांगून ठेवलं होतं. पोरीच्या खाण्यावरून कुणाच्या दारातलं बोलणं कानावर आलं, तर त्या दिवशी तो तिला उचलून नेणार. खालापूरकडचं एक स्थळ सांगून आलेलं होतं, तिकडे देऊन मोकळा होणार. मास्तरांनी हे चिमाला समजावलं आणि वर एक नियम घालून दिला. एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नाही. काय वाढलं, किती वाढलं, कोण काय म्हणालं, काही नाही. पोरीनं मान हलवली आणि तो नियम तिनं पाढ्यासारखा पाठ केला.

शुक्रवार येसाजीच्या घराकडे गेला. ते गावातलं मोठं घर. मंगळवार सोनाबाईकडे आला.

सोनाबाईचं घर गावाच्या टोकाला. ती आणि तिचा नवरा आबाजी, दोघंच. मूल झालं नाही. पहिली दहा वर्षं लोकांनी विचारलं, पुढची दहा वर्षं विचारायचं सोडून दिलं, आणि सोडून दिलेलं तिला जास्त लागलं. आबाजी बोलायचा कमी. सकाळी बैल सोडताना बैलांशी चार शब्द बोलायचा, त्यातच त्याचा दिवसाचा साठा संपायचा. घरात दोन माणसं असून सोनाबाईला कधी कधी आपल्याच भांड्यांचा आवाज ऐकून दचकायला व्हायचं.

पहिल्या मंगळवारी चिमा आली ती उंबऱ्याशी उभी राहिली. सोनाबाईनं तिला आत घेतलं, पाट दिला. पोर मुकाट जेवली, ताट घासून पालथं घातलं आणि निघाली. सोनाबाईला काहीतरी बोलायचं होतं, पण शाळेतल्या पोरीशी काय बोलतात हे तिला कुठं ठाऊक. मग तिनं आपलं विचारलं, मास्तरांनी आज काय शिकवलं. चिमा म्हणाली, नद्या. कुठल्या गं, असं विचारल्यावर चिमा उभ्यानं घडाघडा बोलत सुटली. सोनाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि ऐकत बसली.

तेव्हापासून तोच रिवाज पडला. दर मंगळवारी जेवण झालं की चिमानं आठवडाभराचं सगळं सोनाबाईला सांगायचं. भागाकारात पोर अडायची. बाकी कुठं मांडायची ते तिच्या ध्यानात राहत नव्हतं आणि मास्तरांना पुन्हा विचारायची तिला भीती वाटायची, कारण वर्गातली पोरं हसत. सोनाबाईला अक्षर येत नव्हतं, पण रोपाच्या मुठी तिनं आयुष्यभर वाटल्या होत्या. तिनं परसातल्या काड्या आणल्या, जमिनीवर मांडल्या, आणि इतक्या बायांत इतक्या मुठी वाटल्या तर हातात किती उरल्या, असं करून दाखवलं. हातात उरली ती बाकी. चिमा कितीतरी वेळ त्या काड्यांकडे बघत राहिली, मग पहिल्यांदा हसली. पुढल्या मंगळवारी तिनं आल्या आल्या पाटी दाखवली. दहापैकी दहा होते.

सोनाबाईचा आठवडाच त्या दिवसापासून बदलला. सोमवारी ती तांदूळ निवडून ठेवायची. मंगळवारी शेतातून लवकर सुटायची. बुधवारी सकाळी तिला घर पुन्हा रिकामं वाटायचं, आणि पूर्वीपेक्षा जास्तच वाटायचं. एकदा चिमा तिच्या मांडीला टेकून बसल्या बसल्या झोपली. आईचा पदर कसा होता ते आता आठवत नाय, असं त्याआधी ती बोलली होती. सोनाबाईचा पाय बधीर झाला तरी तिनं हलवला नाही. आबाजी बाहेरून आला, दोघींकडे बघितलं आणि कांबळं घेऊन ओटीवर गेला. पोरीबद्दल तो कधी बरं बोलला नाही की वाईट बोलला नाही. याला काही देणंघेणं नाही, असं सोनाबाईनं धरून चाललेलं होतं.

त्या वर्षी पाऊस मधेच बारा दिवस तुटला आणि भाताची आवणी श्रावणात आली. मग एकदम सगळ्यांची घाई. पहाटे चिखलणी, दिवसभर वाकून लावणी, कमरेचे काटे ढिले. हाताच्या बोटांची कातडी पाण्यानं पांढरी होऊन सुटायची. घरं दिवसभर कडी लावून बंद, माणसं सगळी शेतात. वाराची घरं चिमाचं जेवण झाकून ओटीवर ठेवायची आणि पोर दुपारच्या सुट्टीत येऊन जेवून जायची.

श्रावणातल्या एका शुक्रवारी सोनाबाईचं इरलं फाटलं म्हणून ती दुसरं न्यायला दुपारी घरी निघाली. वाटेत देवळाच्या पडवीत चिमा बसलेली दिसली. पाटी मांडीवर, पाय पोटाशी घेतलेले. जेवलीस का, असं सोनाबाईनं जाता जाता विचारलं. पोर हो म्हणाली. काय व्हतं गं, असंही तिनं सहज विचारलं, बायका विचारतात तसं. चिमानं पटकन सांगितलं, भात नि सुकट.

सोनाबाई थांबली. येसाजीच्या घरी श्रावणात सुकटीचा वाससुद्धा येत नाही. त्याची बायको अंबाबाई महिनाभर कांदाही शिवत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत. सोनाबाई तिच्याजवळ बसली.

"किती शुक्रवार झालं?" तिनं विचारलं.

चिमानं पाटी बाजूला ठेवली. मग तीन बोटं दाखवली.

हळूहळू कळलं ते असं. आवणी लागल्यावर पहिल्या शुक्रवारी येसाजीच्या ओटीवर टोपलीखाली भाकरी होती. पुढच्या शुक्रवारी टोपली पालथी, खाली काही नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही, आणि आजही नाही. संध्याकाळी ती माणसं दमून यायची, त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायची तिला लाज वाटायची. मास्तरांच्या घरी ती जेवून आले म्हणून सांगायची आणि तांब्याभर पाणी पिऊन झोपायची. कुणाला बोलली नाही, कारण बोलायचं नव्हतं. बोललं तर वार मोडेल, आणि बाप घेऊन जाईल.

सोनाबाईनं तिला हाताला धरून घरी नेलं. लावणीच्या बाया शेतात वाट बघत होत्या, बघू देत म्हणाली. भात चढवला, दूध होतं ते ओतलं, गूळ फोडला. पोर जेवताना ती समोर बसून बघत राहिली आणि तिच्या मनात आलं की आज श्रावणातला शुक्रवार, आज जिवतीचा दिवस. घराघरांत आया संध्याकाळी दिवा लावून पोरांना ओवाळतील. वीस वर्षं ती या दिवशी दार लवकर लावून घेत आली होती. कोनाड्यात मूठभर फुटाणे होते. तिनं ते गुळाबरोबर वाटीत घेतले, ताटलीत निरांजन लावलं, चिमाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिला ओवाळलं.  चिमा डोळे मिटून बसली होती.

तेवढ्यात शेजारची जया, पोर आजारी म्हणून त्या दिवशी घरी राहिलेली, विस्तव मागायला दारात आली. तिनं ते बघितलं, शुक्रवारी पोर इथं कशी ते सोनाबाईकडून काढून घेतलं, विस्तव घेतला आणि गेली.

जया वाईट बाई नव्हती. तिच्या पोटात गोष्ट राहत नसे, एवढंच. दिवेलागणीला ती गोष्ट अर्ध्या गावात पोचली, आणि पोचता पोचता मोठी झाली. येसाजीच्या घरी पोरीला महिनाभर उपाशी ठेवलं, आणि सोनाबाईनं दुसऱ्याच्या वारची पोर, दुसऱ्याच्या वारी, जिवतीला ओवाळून आपली करून घेतली. वार म्हणजे त्या घराचा शब्द. एका घरचा वार दुसऱ्या घरानं खाऊ घालणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकणं, असं मानणारा तो गाव.

रविवारी सकाळी अंबाबाई स्वतः आली. पायाला शेतातला चिखल तसाच. ओटीवर टेकली नाही, अंगणात उभी राहिली. भांडायला आली असं सोनाबाईला वाटलं होतं, पण तिचा आवाज चढलेला नव्हता. तिनं सांगितलं, भाकरी ठेवायचं काम सून सुंदराकडं दिलं होतं. सुंदराला तिसरा महिना, सकाळी उलट्यांनी बेजार. एकदा विसरली. पोर काहीच बोलली नाही, तेव्हा सुंदराला वाटलं शुक्रवारी शाळाच नसेल, पोर येतच नसेल. काल सुनेवर तिच्या नवऱ्यानं हात उचलला, असंही अंबाबाईनं खाली बघत सांगितलं.

"माझ्या घरचं चुकलं. पन सोना, माझं दार तुला सापडत नव्हतं का? येऊन एक शबूद सांगायचा व्हता. मी शेतातनं पळत आले असते."

 खरं काय ते सोनाबाईला त्या क्षणी लख्ख कळलं होतं. पोर उपाशी आहे हे ऐकून तिला वाईट वाटलं होतं, पण त्याच्याखाली कुठंतरी आनंदही झाला होता. शुक्रवार आपल्याला मिळाला म्हणून. अंबाबाईकडे जाऊन सांगितलं असतं तर पोर जेवली असती, पण अंबाबाईच्या घरी जेवली असती. तिला स्वतःची फार लाज वाटली. शुक्रवार आता आमच्याकडून नाही, एवढं सांगून अंबाबाई गेली.

एक घर सुटलं तशी बाकीची ढिली झाली. बुधवारच्या घरानं मास्तरांना सांगितलं, आमी काय वाढतो ते उद्या सोनाबाई पोरीला विचारील, आमाला नको ती भानगड. शनिवारच्या घरी म्हातारी आजारी निघाली. सोमवारच्या घरानं काही सांगितलंच नाही, नुसती कडी लावून घेतली. आठवडा संपायच्या आत चार वार गेले.

पुढल्या गुरुवारी संध्याकाळी धाकलू मास्तर चिमाला घेऊन सोनाबाईच्या घरी आले. पोर ओटीच्या खांबाशी उभी राहिली. मास्तर थकलेले दिसत होते. सात घरं मिळवायला मला पंधरा दिवस लागले, मोडायला आठच लागले, असं म्हणाले, पण त्यात दोष दिल्यासारखं नव्हतं. कान्हाच्या कानावर गेलं होतं. उद्या तो गाडी घेऊन येणार होता.

"सातीच्या साती दीस माझ्याकडं जेवंल ती," सोनाबाई म्हणाली. "निजायला बी इथंच राहू दे. तुमी तिच्या बापाला सांगा."

मास्तरांनी आबाजीकडे बघितलं. सोनाबाईनं बघितलं. खांबाशी उभ्या चिमानंही बघितलं. आबाजी दोरी वळत बसला होता. त्यानं हातातला पीळ पुरा केला, गाठ मारली, आणि उठून बैलांकडे गेला.

मास्तर उठले. मग त्यांनी चिमाला चल म्हटलं. आबाजी एरवीही असाच गप्प असतो हे मास्तरांना काय माहीत, आणि सोनाबाईला माहीत असूनही तिनं त्या वेळी ते सांगितलं नाही. तिलाही वाटलं, नवऱ्यानं नाही म्हटलं. रात्री ती त्याच्याशी बोलली नाही. तसंही तिच्या न बोलण्यानं त्या घरात फारसा फरक पडत नसे.

शुक्रवारी सकाळी लाकडाची रिकामी गाडी गावातून गेली. चिमा मागं पाय सोडून बसली होती, दप्तराची पिशवी छातीशी धरून. सोनाबाई शेतात होती, तिनं लांबून बघितली. ओळीत वाकलेल्या बायांपैकी एकीनंही मान वर केली नाही.

शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस सोनाबाईनं लावणी केली. सोमवारी दुपारी तिच्या ओळीतलं रोप वाकडं जाऊ लागलं तेव्हा बाया हसल्या. मंगळवारी पहाटे तिनं भाकऱ्या थापल्या, फडक्यात बांधल्या आणि टेपाच्या वाडीला जाते, पोरीला घेऊन येते, असं दाराकडे तोंड करून सांगितलं. आबाजी ओटीवर होता. ऐकलं असेल. ती निघाली.

दोन ओढे छातीभर होते. दुसऱ्यात एका गुराख्यानं काठीचं टोक धरायला दिलं म्हणून ती निभावली. वाडीत पोचली तेव्हा पाऊस धरून होता. कान्हाच्या घराच्या पडवीत चिमा ओली लाकडं चुलीच्या कडेला सुकायला रचत होती. बाप गाडी घेऊन स्टेशनला गेलेला. परवा येईल म्हणाली.

सोनाबाईनं भाकऱ्या सोडल्या. चिमानं हात धुतले आणि जेवायला बसली, तशीच मुकाट, पहिल्या मंगळवारसारखी. सोनाबाईनं तिला सगळं समजावून सांगितलं. आता कुणाच्या दारात जायचं नाही. सातही दिवस एकच घर. बापाला मी थांबून विचारते, पाय धरते, पण तू आधी हो म्हण.

चिमानं घास गिळला. ती विचार करत होती, गणित सोडवताना करायची तसा.

"सात घरं व्हती मावशी, तवा एक मोडलं तर एक दीसच उपास पडत व्हता," ती म्हणाली. "तुमचं एकच घर असलं नि ते मोडलं तर?"

"माझं घर कसं मोडंल गं?"

चिमा खाली बघून म्हणाली, "मालक तुमचं कायबी बोललं नायत. मी बघितलं ना."

 पोरीला सोनाबाईनं काय सांगावं? तो तसाच आहे, असं सांगावं, तर नवऱ्याच्या मनात काय आहे हे तिला तरी कुठं माहीत होतं. वीस वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं. अकरा वर्षांच्या पोरीला खोटा शब्द देणं तिच्या जिवावर आलं. दुसऱ्यांच्या दारात उभं राहून राहून ही पोर माणसांची तोंडं वाचायला शिकली होती, आणि ते शिकवणाऱ्यांत आपणही आहोत हे सोनाबाईला कळत होतं.

निघताना चिमा तिला ओढ्यापर्यंत सोडायला आली. खालापूरकडची माणसं पुढल्या आठवड्यात बघायला येणार आहेत, हे तिनं सहज सांगावं तसं सांगितलं. सोनाबाई त्याच गुराख्याची काठी धरून पलीकडे गेली आणि वळून बघितलं तेव्हा पोर अजून उभी होती. मग तिनं हात हलवला नाही की काही नाही, लाकडं भिजत असतील म्हणून पळत माघारी गेली.

घरी पोचेतो दिवेलागण झाली. आपल्या घरातून धूर येताना बघून सोनाबाईनं भराभरा पाय उचलले. लग्न झाल्यापासून तिच्यामागं या घराची चूल कुणी पेटवली नव्हती. ती आत आली. आबाजी चुलीपुढं उकिडवा बसला होता, डोळे धुरानं लाल, धोतराला राख. भात खाली लागला होता, त्याचा वास घरभर. दोघांना लागेल त्याहून कितीतरी जास्त शिजवलेला. आणि जमिनीवर तीन पाट मांडलेले होते. एक भिंतीकडचा, वाऱ्यापासून लांब.

त्यानं तिच्या मागं, दाराकडं बघितलं. 

"पोर?" त्यानं विचारलं.

"नाय आली."

"का?"

सोनाबाईच्या लुगड्यातून पाणी निथळत होतं. ती तशीच उभी राहिली.

"तुमी काय बोलला नाय म्हणून," ती म्हणाली.

 आबाजी उठला. भिंतीकडचा पाट उचलायला वाकला आणि तो तसाच राहू देऊन पुन्हा खाली बसला. सोनाबाईनं दोन ताटं वाढली. करपलेला भात दोघं खात राहिले, आणि आबाजीला शेवटपर्यंत काही बोलता आलं नाही.